कावळ्याला दिलेला शब्द

सातारा,
१३ नोव्हेंबर १९९४

आबा,
सविनय जयभीम.

परवा शेजारच्यांच्या फोनवर आई आली, तुम्ही आला नाहीत. मागून तुमचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे दारापर्यंत आला होता. आई हळूच म्हणाली, "त्यांना तासगावच्या एसटीत कुणीतरी सांगितलंय, तुमचा प्रबुद्ध माहुलीच्या घाटावर पिंडापुढं हात जोडून उभा होता म्हणून." एसटीत पोचलेली बातमी म्हणजे तालुक्याची बातमी, नाकारण्यात अर्थ नाही. उभा होतो. हातही जोडले होते.

पण पुरतं ऐकून तरी घ्या. शाळेत पोरानं खोडी केली तरी तुम्ही आधी त्याला बोलू द्यायचात आणि मग छडी काढायचात.

गेलेला माणूस बिरदेव, आमच्या प्रेस शॉपचा कामगार. जतकडचा, मेंढरांच्या घरातला. त्या घरातून कारखान्यात आलेला तो पहिलाच. माझं काम तुम्हाला माहीत आहे, आईला अजून पटत नाही. मी हातात स्टॉपवॉच घेऊन कामाचा वेळ मोजतो, कुठली हालचाल वाया जाते ते शोधतो, तर ती गल्लीत सांगते की पोरगा घड्याळं दुरुस्त करतो. कामगारही मला 'घड्याळवाले सायेब' म्हणतात आणि मी दिसलो की मुद्दाम सावकाश हात हलवतात. बिरदेव तसं करायचा नाही. म्हणायचा, "मोजा सायेब, लपवायचं काय हाय त्यात?" मला तो आवडायचा.

पन्नास टनी प्रेसवर होता. पायाखालचं पेडल दाबलं की वरचा लोखंडी दट्ट्या एकदा खाली येतो, पट्टी कापतो आणि वर जाऊन थांबतो. एकदाच यायला हवा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तो दोनदा आला. कामगार याला 'डबल मारला' म्हणतात. पहिला ठोका झाल्यावर बिरदेवनं कापलेला तुकडा काढायला दोन्ही हात आत घातले होते. पुढचं लिहीत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला.

दहाव्याला सगळं शॉप माहुलीला गेलं. मी घरी बसून बावीस प्रतिज्ञा म्हणायला हव्या होत्या काय? गेलो, आणि लांब चिंचेखाली उभा राहिलो. कावळा शिवेना. भिंतीवर बसलेला, मान तिरकी करून बघत होता, पण खाली येईना. त्याचा थोरला भाऊ दादासो एकेक शब्द देत होता. "पोरांस्नी शिकीवतो रं." नाही. "तुज्या बायकूला तुज्या जागंवर लावतो, कंपनीच्या पाया पडतो." नाही. ऊन चढलं. दादासो लहान पोरासारखा रडायला लागला. "काय राहिलं रं बाबा तुजं, सांग की!" मग कुणीतरी मला म्हणालं, "सायेब, तुमीबी बोला कायतरी."

मी पुढं गेलो आणि म्हणालो, "बिरदेव, तो प्रेस मी परत चालू होऊ देणार नाही."

कावळा आला.

मला कारण माहीत आहे. मी बोलताना माणसं मागं सरकली, जागा मोकळी झाली आणि पाखरू उतरलं. तुम्हीही हेच म्हणाल. पण आबा, त्या वेळी सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, आणि माझे हात आपोआप जोडले गेले होते.

एवढंच झालं. आता तरी दोन ओळी लिहा.

तुमचा,
प्रबुद्ध


सातारा,
२२ जानेवारी १९९५

आबा,
सविनय जयभीम.

पत्राला उत्तर नाही. आईकडून तिळगूळ आला, पुडक्यावर पत्ता तुमच्या अक्षरात होता. तेवढ्यावर दिवस काढतोय.

प्रेस अजून बंद आहे. त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. झाडूवालासुद्धा लांबून वळसा घेतो. सेकंड शिफ्टची पोरं सांगतात, मेन स्विच खाली असताना आतून ठोका ऐकू येतो. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हणालो, पत्रा थंड होताना वाजतो, शाळेत शिकला नाहीत काय? मी स्वतः काही ऐकलेलं नाही.

आमचे वर्क्स मॅनेजर हंबीरराव मात्र माझ्या मागं हात धुऊन लागलेत. क्लच खोलला, स्प्रिंग बदलली, रोज सकाळी आल्या आल्या अर्धा तास प्रेस रिकामा चालवला. एकदाही डबल मारला नाही. आता 'चालवण्यास योग्य' म्हणून माझी सही पाहिजे. मी म्हणालो, डबल का मारला ते सापडलेलं नाही, मग सही कशाची करू?

ते हसले. "सापडायला काय पायजे? आता मारत न्हाई, झालं. का त्या कावळ्यामुळं अडलंय तुमचं? आवं, तुमी तर हे काय मानतच न्हाई. आमी आडलो आसतो तर एक येळ समजलं आसतं. तुमाला कसली आडकाठी?"

बघा कसं कोंडीत धरतात. मी मानत नाही, म्हणून मी मोकळा. माझ्या घरच्या शिकवणुकीचीच त्यांनी पळवाट करून माझ्या हातात दिली. राग आला, पण खरं सांगू? क्षणभर ती पळवाट बरीही वाटली. सही करून टाकावी आणि सुटावं. घाटावर जे बोललो ते एका पाखरापुढं बोललो, त्याला कसली किंमत?

सही केली नाही. का केली नाही, ते तुम्ही विचारलंत तर सांगेन. तुम्ही विचारत नाही.

प्रबुद्ध


सातारा,
१९ मार्च १९९५

आबा,
सविनय जयभीम.

आज आनंदाची बातमी. प्रेस गेला! मी लेखी कळवलं, दोष सापडत नाही तोवर हा प्रेस माणसाच्या हाताखाली चालवण्यालायक नाही, भंगारात काढा. हंबीरराव दोन महिने गुरगुरले आणि परवा एकदम गोड झाले. म्हणाले, "तुमचंच खरं. काढला भंगारात." मी पुण्याला मीटिंगला गेलो होतो, परत आलो तर जागा रिकामी. फरशीवर चार बोल्टांची भोकं आणि तेलाचा डाग.

दुसरी गोष्ट, बिरदेवच्या बायकोला, हरणाबाईला, नोकरी मिळाली. आमच्या कारखान्यात नाही, पण आम्हाला सुटे भाग करून देणाऱ्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका शेडमध्ये. तिचं माहेर मिरजेकडं, म्हणजे सोयीचं झालं. दादासो येऊन माझ्या पाया पडायला लागला. मी त्याचे हात धरले. माझा यात काही वाटा नाही, हंबीररावांनी केलं. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

म्हणजे घाटावर दिलेले दोन शब्द, नोकरीचा आणि प्रेसचा, पुरे झाले. आता तुमचा राग जायला हरकत नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लपवली होती. ठोका मलाही ऐकू येत होता. शॉपमध्ये नाही, खोलीवर. शेजारी कुणी दार लावलं, खाली कुणी खलबत्त्यात काही कुटलं, की मी हातातलं काम थांबवून दुसऱ्या आवाजाची वाट बघायचो. दुसरा आवाज कधी यायचा, कधी नाही. नाही आला की जास्त त्रास व्हायचा. वाटलं होतं, प्रेस गेल्यावर हे थांबेल. आज सकाळी घरमालकीणबाईंनी पाटा धुऊन भिंतीला टेकवला आणि माझ्या हातून चहाचा कप सुटला.

जाईल हळूहळू. नोकरी बरी चालली आहे.

प्रबुद्ध


सातारा,
९ जुलै १९९५

आबा,
सविनय जयभीम.

कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी तुमचं अक्षर बघून आधी हरखलो आणि वाचल्यावर डोकं तडकलं. एकच ओळ: "यंत्र भंगारात गेलेले तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस काय?" आणि खाली सही 'राजाराम'. 'आबा' लिहायला शाई जास्त लागत होती काय?

ना खुशाली, ना आशीर्वाद. मी चार पानं लिहायची आणि तुम्ही इन्स्पेक्शनला आल्यासारखं शेरा मारायचा. उभ्या जन्मात तुम्ही आम्हाला हेच विचारत आलात. शेजारच्या मळ्यात भूत दिसलं म्हणून मी पळत आलो होतो, तेव्हाही तुम्ही हेच विचारलंत आणि कंदील देऊन परत पाठवलंत. आई त्या दिवशी तुमच्याशी बोलली नव्हती.

नाही पाहिलं. झालं समाधान?

ट्रक कुठला, माल कुठं उतरवला, मी काहीच पाहिलेलं नाही. हंबीरराव म्हणाले आणि मी मानलं. कारण मला मानायचं होतं. आज स्टोअरमध्ये सहज विचारलं, "तो पन्नास टनी कुणी नेला हो?" स्टोअरवाला खाली बघून म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई सायेब." त्याला सगळ्या जगाचं माहीत असतं.

पुढच्या महिन्यात मला कुपवाडला जायचंच आहे. त्या शेडचा मालक नाथाजी म्हणतो, माल वेळेत निघत नाही, बाया सुस्त आहेत, साहेबांनी येऊन वेळ बांधून द्यावा. हा नाथाजी हंबीररावांचा मेव्हणा लागतो, हे मला आजच कळलं.

प्रबुद्ध


सांगली,
१८ ऑगस्ट १९९५

आबा,
सविनय जयभीम.

स्टँडजवळच्या लॉजवरून लिहितोय. तासगाव इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तुमच्यापुढं उभं राहून हे मला सांगता येणार नाही. आधी निकाल सांगतो. प्रेस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो आता बंद आहे, त्याच्या क्लचची चावी, म्हणजे आतला लोखंडी तुकडा, माझ्या पिशवीत आहे, आणि माझी नोकरी बहुधा गेली आहे.

सकाळी कुपवाडला पोचलो. पत्र्याची शेड, दारात चहाची टपरी. नाथाजी हसत पुढं आला. आत पाऊल टाकलं आणि तो दिसला. हिरवा रंग मारलाय, पण डाव्या खांबावरचा वेल्डिंगचा व्रण मी लाखात ओळखेन. आणि त्याच्यापुढं स्टुलावर हरणाबाई बसलेली. डोक्यावर पदर घट्ट बांधलेला, पाय पेडलवर.

मी ओरडायला हवं होतं. पण सवय वाईट. हातात घड्याळ होतं, ते चालू झालं. ती पट्टी सरकवायची, पेडल दाबायची, ठोका पडायचा आणि ती हात मागं घेऊन मांडीवर ठेवायची. मग दट्ट्याकडं बघत थांबायची. कुणी दाराशी हाक मारली की आपण कान देतो, तशी. मगच तुकडा काढायची. प्रत्येक वेळी.

"बघितलं?" नाथाजी म्हणाला. "हे आसं बसतीया. ही थांबायची येळ काढून टाका, माल दीडपट निघंल."

मी मोजणीच्या कागदावर त्या थांबण्याला नाव देऊ शकलो नाही. नाथाजीला फोन आला म्हणून तो आत गेला. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "बाई, तुम्ही थांबता कशाला?"

तिनं मला ओळखलं. घाबरली नाही. म्हणाली, "सायेब, मला ठाऊक हाय ह्यो कंचा हाय. पैल्याच दिशी वळखला. दुसऱ्या बाईला देत हुते, मी म्हनलं मी बसते. दुसरीला कशाला?"

"आणि तुम्हाला भीती?"

"भ्या कशाचं? त्येंचा हाय त्यो. माज्यावर न्हाई पडायचा." मग जरा लाजून, नव्या नवरीसारखी खाली बघत, म्हणाली, "आवं, बोलत्यात त्ये. जेवायच्या सुट्टीआदी कवा कवा दोनदा वाजवत्यात. म्हून थांबते. त्येंचं बोलनं झाल्याबिगर हात कसा घालू?"

आबा, जेवणाची सुट्टी जवळ आली होती. तिनं सहज घड्याळाकडं बघून पट्टी सरकवली. पेडल दाबलं. ठोका पडला. तिनं हात मांडीवर घेतले. आणि दट्ट्या पुन्हा खाली आला. खोलीवर मी ज्याची वाट बघायचो तोच आवाज. ती माझ्याकडं बघून हसली. 'बघा, म्हनलं नव्हतं?' असं ते हसणं होतं.

मी मेन स्विच पाडला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते लिहिताना मला माझीच लाज वाटते. मला आनंद झाला. कारण सापडलं होतं! जेवणाच्या सुट्टीआधी म्हणजे सकाळपासून चालून चालून गरम झाल्यावर. चाकाला दट्ट्याशी जोडणारी क्लचची चावी झिजलेली असणार. थंड असते तोवर स्प्रिंग तिला मागं ओढते, गरम झाली की ती खाचेत अडकते आणि ठोका पुन्हा पडतो. आम्ही सकाळच्या गारव्यात अर्धा अर्धा तास चालवून बघत होतो. तिथं कुठून सापडणार?

मी तिला सगळं समजावलं. खडूनं फरशीवर चित्र काढलं. तुम्ही आम्हाला ग्रहण शिकवायचात, तसं. तिनं नीट ऐकलं. म्हणाली, "आसंल तसंबी. पर मी हितनं उठनार न्हाई." मी म्हणालो, एक दिवस दमलेल्या हातांनी थांबायला विसराल. म्हणाली, "इसरन कशी?" मी म्हणालो, पोरांचं काय? म्हणाली, "पोरांसाठीच त्येंनी मला हितं आनलं की. भावजी सांगत हुते, माज्या नोकरीचा शब्द दिला तवाच कावळा शिवला."

भावजी म्हणजे दादासो. बायका घाटावर आल्या नव्हत्या. त्यानं घरी हेच सांगितलं होतं. त्याचीही चूक म्हणवत नाही. कंपनीच्या पाया पडायला त्याला तेवढाच आधार होता.

नाथाजी परत आला आणि आरडाओरडा सुरू झाला. "स्विच कुनी पाडला? हंबीररावांनी ओके करून दिलाय ह्यो!" बाकीच्या बाया काम थांबवून बघत होत्या. हरणाबाई तशीच बसून, पाय पेडलवर. मी नुसती चावी काढून नेली असती तरी नाथाजीनं दुसरी बसवली असती आणि ही परत तिथंच बसली असती, हसत. विज्ञानानं तिला उठवता येत नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

मी स्टुलाशेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "हरणाबाई, दादासो नोकरीचं बोलला तेव्हा कावळा शिवला नाही. मी तिथं होतो. मी म्हणालो, हा प्रेस परत चालू होऊ देणार नाही, तेव्हा शिवला. बिरदेवची इच्छा ती होती."

तिनं माझ्याकडं इतकं रोखून बघितलं की मला मान वळवता येईना. "तुमी तर ह्ये मानत न्हाई. शॉपमदल्या मान्सांनी सांगितलंय मला. खरं सांगा. शिवला?"

"शिवला."

"आन् तुमी मानता?"

आबा, तुमच्या भिंतीवरचा बावीस प्रतिज्ञांचा तक्ता मला तिथं दिसला. मी म्हणालो, "मानतो."

त्यातलं किती खोटं होतं, ते मला अजून सांगता येत नाही. पूर्ण खोटं असतं तर मी झोपू शकलो असतो.

तिनं पेडलवरचा पाय काढला. हळूहळू उठली, पदरानं हात पुसले, स्टूल उचलून बाजूला ठेवलं. नाथाजी काहीतरी बोलत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं हिरव्या खांबावर एकदा हात ठेवला. मग माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर मघाचं काहीच उरलं नव्हतं, आणि ते मी घालवलं होतं.

"म्हंजी त्ये घाटावरनंच गेले," ती म्हणाली. "मग इतकं दिस माज्यासंगं कोन बोलत हुतं, सायेब?"

उत्तर मला ठाऊक होतं. पाच मिनिटांपूर्वी मी तेच खडूनं काढून दाखवलं होतं. चित्र अजून तिच्या पायाशी होतं. ते सांगायचं सोडून मी पाना घेतला आणि क्लचची झिजलेली चावी काढून पिशवीत टाकली. ती डबा घेऊन बाहेर टपरीपाशी जाऊन बसली. तिनं तो उघडला नाही.

तुम्ही तिथं असता तर तिला काय सांगितलं असतंत, तेवढं कळवा.

प्रबुद्ध